मोहरीएवढी पृथ्वी

लेकीच्या पुस्तकात सूर्यमालेचं चित्र आहे. कोपऱ्यात सूर्य आणि पुढे आठ ग्रह, पंगतीला बसल्यासारखे एकाला एक चिकटून. माझ्या पुस्तकात असंच होतं, फक्त शेवटी प्लूटोही असायचा. "आई, गुरू आपल्यापासून किती लांब गं?" तिने विचारलं. पानावर तो बोटभर लांब होता. त्या चित्रावरून काय सांगणार?

रविवारी तिचा फुटबॉल घेऊन खाली उतरलो. बॉल 22 सेंटिमीटरचा. त्याला सूर्य मानलं तर पृथ्वी येते 2 मिलिमीटरची, म्हणजे मिसळणाच्या डब्यातली मोहरी. मोहरीचा दाणा पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवला. चंद्र म्हणून रव्याचा कण घेतला, तोही नीट निवडून, अर्ध्या मिलिमीटरचा. तो मोहरीपासून 6 सेंटिमीटरवर लावला. लेकीला आधी खरंच वाटेना. पुस्तकात चंद्र पृथ्वीला खेटूनच असतो ना!

बॉल आमच्या पायरीवर ठेवला आणि टेप धरून चालत गेलो. साडेतेवीस मीटर. तिसऱ्या घराच्या फाटकाशी थांबून मागे वळलो, तर बॉल एवढासा. हात लांब करून करंगळी धरली की बॉल झाकला जायचा. रात्री गच्चीवरून तिने त्याच करंगळीने चंद्र झाकून पाहिला, तोही झाकला गेला. आकाशात सूर्य आणि चंद्र जवळपास सारखेच दिसतात, आणि फाटकापाशी उभं राहिलं की आमचा बॉलही तेवढाच दिसतो. हे मी आकडेमोडीत पाहिलं होतं, पण डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला.

गुरू म्हणजे सुपारी, बॉलपासून 122 मीटरवर, गल्लीच्या टोकाला. नेपच्यून हरभऱ्याएवढा, 700 मीटरवर, पार बाजारात. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 आता या मापाने जेमतेम चार किलोमीटरवर पोचलंय. मधे सगळं मोकळं. पुस्तकाच्या पानात मावत नाही ते हे मोकळेपण, आणि मुलांना आधी दाखवायला हवं तेही हेच, असं मला मनापासून वाटतं.

आजीचं नक्षत्र ज्येष्ठा. तो तांबडा तारा सूर्याच्या सुमारे सातशे पट रुंद, म्हणजे आमच्या हिशेबात दीडशे मीटरचा गोळा. आमची मोहरी, फाटक, निम्मी गल्ली, सगळं त्याच्या पोटात.

आणि सूर्याला सर्वात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी? तो लिंबाएवढा. पण ठेवायचा कुठे? सुमारे 6,300 किलोमीटरवर. मुंबई ते बर्लिन साधारण इतकंच अंतर, आणि बर्लिनला माझी ताई राहते. संध्याकाळी तिला फोन केला. तिकडची लिंबं मोठाली असतात म्हणून तिने दुकानात हुडकून त्यातल्या त्यात लहान हिरवं लिंबू आणलं, खिडकीत ठेवलं आणि फोटो पाठवला.

लेकीने तो फोटो मोहरीच्या कागदाशेजारी चिकटवलाय.