आउटबोर्डचं चार्जिंग बंद पडलं तेव्हा : मीटरने शोधलेला दोष

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन. ते ३००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असताना बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. माझ्या मल्टिमीटरवर १२.६ दिसत होते आणि वेग वाढवला तरी आकडा हलत नव्हता. शिवाय टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या मीटरचा, काटा थरथरत होता. या इंजिनात टॅकोमीटरला सिग्नल स्टेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, एसी विजेतूनच मिळतो. त्यामुळे चार्जिंग आणि काटा एकदमच बिघडले, तर संशय आधी स्टेटर, त्या एसीची डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि त्यांच्या जोडण्यांवर घ्यायचा.

इथे बहुतेक जण थेट नवा रेग्युलेटर बसवतात. जुना कशामुळे गेला हे शोधलं नाही, तर नवाही त्याच कारणाने जळतो. मी तो सगळ्या चाचण्या झाल्यावरच, अगदी शेवटी विकत घेतला.

फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आतल्या कडेला कायमचे चुंबक असतात आणि त्यांच्या मधोमध स्टेटरची कॉइल स्थिर बसलेली असते. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये फील्डचा (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या कॉइलचा) करंट कमी करून वीज आवरता येते, इथे चुंबकाचा जोर कमी करण्याची सोय नाही. आरपीएम वाढला की एसी वाढणारच. माझ्या इंजिनावरचा रेग्युलेटर शंट प्रकारचा आहे, म्हणजे जास्तीची वीज तो स्टेटरच्या तारा शॉर्ट करून जिरवतो. बॅटरी भरलेली असते तेव्हा त्याच्यावर सर्वांत जास्त भार येतो आणि तो चांगलाच तापतो.

पहिलं काम बॅटरीचं. ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरली आणि रात्रभर तशीच ठेवली, कारण चार्जर काढल्याबरोबर घेतलेला आकडा फसवा असतो. सकाळी १२.७ व्होल्ट मिळाले. स्टार्टर फिरताना १०.८ पर्यंत उतरले. ९.६ च्या खाली गेले असते तर बॅटरीच बदलली असती.

मग २० अँपिअरचा फ्यूज. नुसता डोळ्यांनी पाहून चालत नाही. दोन्ही टोकांवर व्होल्ट मोजले, ठीक होते. रेग्युलेटरच्या लाल तारेवरही १२.६ आले, आणि नेमकी इथेच फसगत होते. करंट वाहत नसेल तर गंजून दोन धाग्यांवर आलेली तारसुद्धा मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते. म्हणून लाल तार आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये १२ व्होल्ट ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडला. साधारण साडेचार अँपिअर ओढणारा हा बल्ब मंद पेटला आणि त्याच्या टोकांवर ११ व्होल्टच उरले. बल्ब पेटता ठेवून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून लाल तारेपर्यंत ०.२ व्होल्ट पडत होते, तर ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तब्बल १.३. निगेटिव्ह बाजूला ०.२ च्या वर गेलं की ती जोडणी उघडायचीच.

ब्लॉकवरचा अर्थचा (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या तारेचा) लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, सोडवला तर खाली पांढरी-हिरवी भुकटी, आणि तारेचं इन्सुलेशन दोन इंच मागे सोललं तरी आत तांबं काळंच. काळी पडलेली तार पॉलिश पेपरने घासून काही होत नाही. कल्हई केलेल्या तांब्याची नवी तार घेतली, लग क्रिंप केला (दाबून पक्का बसवला), वर गोंदाची हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली आणि ब्लॉकची जागा चकचकीत होईपर्यंत घासली. बॅटरीवरचे पंखवाले नटही काढून षटकोनी लॉक नट बसवले. पंखवाले नट थरथरीने ढिले होतात, आणि चालू इंजिनात बॅटरी क्षणभर सुटली तरी रेग्युलेटर जाऊ शकतो.

आता ३००० आरपीएमला १३ व्होल्ट आले. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती.

स्टेटरच्या तीन पिवळ्या तारांचा कनेक्टर उघडला. एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. ढिली पिन तापते, तापली की आणखी ढिली होते. कनेक्टर सोडवून पिवळ्या तारा दोन-दोन करून मोजल्या. तिन्ही जोड्यांत ०.६ ओहम. मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवल्यावर ०.२ दिसत होते, ते वजा केले की ०.४. प्रत्येक तारेपासून ब्लॉकपर्यंत मात्र कसलीच जोडणी दिसता कामा नये, आणि तसंच होतं. मॉडेलनुसार आकडे बदलतात. तिन्ही जोड्या सारख्या असणं महत्त्वाचं.

ओहम बरोबर असले तरी कॉइल गरम झाल्यावर दगा देऊ शकते. म्हणून कनेक्टर सुटाच ठेवून इंजिन वीस मिनिटं चालवलं आणि एसी व्होल्ट मोजले. बोट धक्क्याला बांधलेली, गिअर न्यूट्रलमध्ये, थंडाव्याचं पाणी येतंय याची खात्री केलेली, बाह्या आणि तारा फ्लायव्हीलपासून दूर. कोरडं इंजिन चालवलं तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) थोड्याच वेळात खराब होतो. तिन्ही जोड्यांचे आकडे एकसारखे निघाले आणि वेगाबरोबर एकसारखेच वाढले. म्हणजे फ्लायव्हील काढायची गरजच उरली नाही. ते काढावंच लागलं, तर मधल्या तीन छिद्रांत बोल्ट घेणाराच पुलर वापरायचा. कडेला धरून ओढलं की फ्लायव्हील वाकतं आणि चुंबक सुटण्याची भीती असते.

उरला रेग्युलेटर. त्याच्या आत एकाच दिशेने वीज जाऊ देणारे डायोड असतात. मीटर डायोड तपासायच्या खुणेवर लावला. रेग्युलेटरच्या दोन पिवळ्या तारांपासून लाल तारेकडे एका दिशेने ०.५ आणि उलट दिशेने काहीच नाही, तिसरीपासून दोन्ही दिशांनी काहीच नाही. त्या तारेचा डायोड तुटला होता, आणि ती तार नेमकी तपकिरी पिनची. काही रेग्युलेटरांच्या आतल्या रचनेमुळे ही चाचणी फसते, म्हणून स्टेटर आणि तारा निर्दोष ठरल्यावरच तिच्यावर विसंबायचं.

नवा रेग्युलेटर बसवताना खालची जागा रंग-गंज काढून सपाट केली आणि हीट सिंक पेस्टचा पातळ थर दिला. जळका कनेक्टर कापून त्याच्या पिनाही नव्या घातल्या. आयडलला (सर्वांत कमी वेगाला) १३.६, ३००० ला १४.३ व्होल्ट आणि काटा स्थिर. अर्धा तास चालवून पुन्हा मोजलं, कारण १५ च्या वर गेलं असतं तर बॅटरी उकळली असती. आकडा १४.३ वरच राहिला, आणि अर्थच्या बाजूला पडणारे व्होल्ट आता ०.०५ आहेत.