पायथ्यापर्यंत रस्ता जाणारे धबधबे

भटकंती करणाऱ्या मंडळींमध्ये धबधब्यांची एक अलिखित प्रतवारी असते. ज्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अर्धा दिवस रान तुडवावे लागते तो अस्सल, आणि ज्याच्यासमोर गाडी उभी करता येते तो केवळ सहलीचा. ही प्रतवारी मला कधीच पटली नाही. दूरच्या धबधब्यापाशी आपण दमून पोहोचतो, परतीच्या वाटेचा हिशेब मनात चालू असतो, आणि बहुधा आयुष्यात एकदाच तिथे जाणे होते. याउलट वाटेवरच्या धबधब्याकडे सकाळी जाता येते, संध्याकाळी जाता येते, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाता येते आणि पाणी आटल्यावरही जाता येते. धबधबा ऋतूगणिक आणि प्रहरागणिक बदलत असल्यामुळे तो एकदाच पाहणे म्हणजे जवळजवळ न पाहण्यासारखेच आहे, असे माझे मत आहे. शिवाय ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या कडेवर मूल आहे किंवा जे चाकांच्या खुर्चीवरून फिरतात, त्यांच्यासाठी सोपी वाट हीच एकमेव वाट असते. त्यांचे पाहणे दुय्यम ठरवण्याचा अधिकार डोंगर चढणाऱ्यांना कोणी दिलेला नाही.

काही धबधबे रस्त्याला इतके लागून का असतात, याचे उत्तर बरेचदा भूरचनेत सापडते. हिमयुगात मोठ्या हिमनद्यांनी मुख्य दऱ्या खोलवर कोरून काढल्या; बाजूने येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्यांना मात्र तेवढे खोल कोरता आले नाही. बर्फ वितळल्यावर या लहान दऱ्यांची तोंडे मुख्य दरीच्या भिंतीवर उंच, अधांतरी राहिली आणि त्यांतले ओढे तिथून थेट खाली कोसळू लागले. वस्ती, शेते आणि रस्ते मुख्य दरीच्या सपाट तळाशीच होणार, त्यामुळे धबधबा आपोआपच त्यांच्या शेजारी येतो. स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनच्या दरीत सुमारे 297 मीटर उंचीवरून पडणारा श्टाउबबाख गावाच्या अगदी मागे दिसतो तो यामुळेच. अमेरिकेतील ओरेगन राज्यातला मल्टनोमा हा दोन टप्प्यांत मिळून 189 मीटर पडणारा धबधबाही महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथले कारण थोडे वेगळे आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे बांध पुन्हा पुन्हा फुटून आलेल्या महापुरांनी कोलंबिया नदीच्या दरीच्या बाजू खरवडून उभ्या केल्या आणि उपनद्या वरच लटकत राहिल्या. आइसलंडच्या दक्षिणेकडील सेल्यालांड्सफोस आणि स्कोगाफोस हे दोन्ही धबधबे जुन्या समुद्रकड्यावरून पडतात. समुद्र मागे हटला, कड्याच्या पायथ्याशी मैदान उरले आणि देशाला वळसा घालणारा मुख्य रस्ता त्याच मैदानातून गेला. या सेल्यालांड्सफोसच्या पडद्यामागून पायवाट जाते, हे त्याचे खरे वैभव. अंग मात्र हमखास भिजते.

कधी जावे, हा प्रश्न वाटेपेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर पाणी कुठून येते यावर अवलंबून असते. लहान पाणलोटातला, केवळ पावसावर जगणारा ओढा सर थांबल्यावर काही तासांत ओसरू लागतो आणि चार-सहा कोरड्या दिवसांत त्याची नुसती धार उरते. अशा ठिकाणी पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जाण्यासारखे सुख नाही, कारण तोवर गढूळपणा बराचसा कमी झालेला असतो आणि जोर टिकून असतो. बर्फाच्या पाण्यावर पोसलेल्या नद्यांचे वेळापत्रक याहून वेगळे असते. ऱ्हाइन नदीवरचा सुमारे 150 मीटर रुंद आणि 23 मीटर उंच प्रपात आल्प्समधले बर्फ वितळते तेव्हा, म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सर्वांत जोरात असतो. झऱ्यांवर चालणारे धबधबे वर्षभर फारसे बदलत नाहीत.

धरण किंवा वीजकेंद्र असलेल्या नद्यांवर मात्र पाणी किती पडेल हे माणूस ठरवतो, आणि जाण्यापूर्वी पाणी सोडण्याच्या वेळा पाहणे हाच तिथला शहाणपणा. नायगारासाठी अमेरिका आणि कॅनडा यांच्यात 1950 मध्ये करार झाला. त्यानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान सुमारे 2,832 घनमीटर पाणी धबधब्यावरून सोडावे लागते, तर रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे पुरते. इटलीतील मार्मोरे तर मुळातच मानवनिर्मित आहे. इसवी सनापूर्वी 271 मध्ये रोमनांनी दलदलीचे पाणी कालवा खणून कड्यावरून लोटून दिले, आणि आज तिथे ठरलेल्या वेळी दारे उघडली की 165 मीटरचा प्रपात सुरू होतो. ही गोष्ट कळल्यावर काही जणांचा हिरमोड होतो. मला मात्र दोन हजारांहून अधिक वर्षे टिकलेले हे काम एखाद्या नैसर्गिक प्रपाताइतकेच विलक्षण वाटते.

उजेडाचाही विचार करावा. धबधब्याचे तोंड पूर्वेकडे असेल तर त्याच्यावर सकाळी ऊन पडते, पश्चिमेकडे असेल तर दुपारनंतर. तुषारांत इंद्रधनुष्य दिसायला हवे असेल तर सूर्य आपल्या पाठीशी असला पाहिजे. आपल्या डोक्याच्या सावलीकडे जाणारी रेषा मध्य मानली, तर तिच्याभोवती सुमारे 42 अंशांवर ते कडे उमटते. म्हणून सूर्य क्षितिजापासून 42 अंशांपेक्षा वर चढला की समोर धनुष्य उरत नाही, फक्त वरच्या सज्जातून खाली तुषारांकडे पाहिल्यासच दिसते. भर दुपारी पायथ्याशी उभे राहून ज्यांना काही दिसत नाही, त्यांनी वर जाऊन पाहावे किंवा ऊन कलेपर्यंत थांबावे. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशातही असे धनुष्य दिसू शकते आणि अमेरिकेतील केंटकी राज्यातला कंबरलँड धबधबा त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पोहोचल्यावर बहुतेक जण छायाचित्र काढतात आणि पाठ फिरवतात. माझा आग्रह असा की, निदान काही मिनिटे कॅमेरा खिशात ठेवून पाण्याचा एकच झुबका धबधब्याच्या वरच्या ओठापासून, म्हणजे पाणी सुटते त्या कडेपासून, डोहापर्यंत नजरेने सोबत करीत खाली आणावा. हवेचा अडथळा नसता तर 45 मीटरवरून पडायला साधारण तीन सेकंद लागले असते. प्रत्यक्षात झुबका वाटेतच फुटतो, त्याचे थेंब होतात आणि थेंबांचा वेग हवा रोखून धरते, म्हणून उंच व बारीक धबधब्याचे पाणी शेवटी तरंगत आल्यासारखे वाटते. त्यानंतर नजर मध्यभागी एका ठिकाणी अर्धा-पाऊण मिनिट खिळवावी आणि मग चटकन शेजारच्या कातळाकडे न्यावी. कातळ वर सरकत असल्याचा स्पष्ट भास होतो. रॉबर्ट ॲडम्स यांनी 1834 मध्ये स्कॉटलंडमधील फॉयर्स धबधब्याजवळ अनुभवलेला हाच भास लिहून ठेवला. खाली सरकणारी हालचाल टिपणारी मेंदूतील यंत्रणा सतत चालून मंदावते आणि तिच्या विरुद्ध बाजूची यंत्रणा वरचढ ठरते, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते.

कानांनाही काम द्यावे. धबधब्याचा आवाज मोठ्या प्रमाणात पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या कंपनातून येतो. बुडबुडा जितका लहान तितका त्याचा स्वर उंच. तीन मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा स्वर सेकंदाला सुमारे हजार कंपनांचा असतो. खोल डोहात पडणारा जाड लोट आणि दगडांवर फुटणारी पातळ धार यांचे आवाज डोळे मिटूनही वेगळे ओळखू येतात ते या कारणाने.

सोप्या वाटेचा एक दोष मात्र मान्य करायलाच हवा. अवघड वाट येणाऱ्यांना चाळून घेते, सोपी वाट कोणालाच अडवत नाही, आणि वाट सोपी म्हणून पाणीही सोपे असेल असा समज होतो. धबधब्याखालच्या डोहात पडणारा लोट तळाशी जाऊन वर येतो आणि पृष्ठभागावरून पुन्हा पडत्या पाण्याकडे ओढतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे शरीर त्यात नेहमीसारखे तरंगतही नाही. पोहता येणारी माणसे बुडतात ती अशी. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही वरच्या पाणलोटात झालेल्या पावसाचे पाणी काही मिनिटांत येऊन ठेपू शकते. पाणी एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहत येणे किंवा आवाज खोल होत जाणे, यांपैकी काहीही जाणवले तर सामान आवरत न बसता उंच जागा गाठावी. कड्याखाली मुक्काम ठोकणेही बरे नाही. मल्टनोमाच्या कड्यावरून 1995 मध्ये एक प्रचंड खडक सुटून वरच्या डोहात कोसळला आणि त्याने उसळलेल्या पाण्यामुळे व दगडांमुळे समोरच्या पुलावरचे काही जण जखमी झाले. आणि ज्या ओठावरून पाणी पडते तिथे, शेवाळलेल्या कातळावर, छायाचित्रासाठी उभे राहणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.

असे खडक सुटणे हा धबधब्याच्या स्वभावाचाच भाग आहे. वर कठीण थर आणि खाली मऊ थर अशी रचना असली की, पाणी व तुषार खालचा थर पोखरतात, वरचा थर पुढे आलेल्या छज्जासारखा उरतो, एक दिवस तो तुटतो आणि अख्खा धबधबा थोडा मागे सरकतो. नायगारा गेल्या साधारण बारा हजार वर्षांत असा सुमारे 11 किलोमीटर मागे आला. तिथल्या अमेरिकन बाजूचा प्रवाह अभियंत्यांनी 1969 मध्ये काही महिने पूर्णपणे अडवून कड्याच्या भेगा आणि पायथ्याशी साचलेला दगडांचा ढीग तपासला होता. तो ढीग काढावा की नाही यावर विचार झाला आणि शेवटी तो तसाच राहू देण्यात आला. लहान धबधब्यांवर असा अभ्यास करायला प्रवाह अडवावा लागत नाही, पाणी कमी असताना तिथे जाणे पुरेसे असते. तेव्हा लोटामागची कपार उघडी पडते, पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी पात्रात कोरलेले रांजणखळगे दिसतात आणि गर्दीही नसते. डोहापासून अंतर राखूनच काठच्या शिळा नीट पाहाव्यात. वरच्या ओठाशी जो थर दिसतो त्याचेच तुकडे तिथे पडलेले असतात, आणि ताज्या तुटलेल्या बाजूचा रंग शेवाळलेल्या जुन्या बाजूपेक्षा वेगळा असल्यामुळे त्यांतला कोणता तुकडा अलीकडे निखळला, हेही बहुधा ओळखता येते.