'प्लगिन चालत नाहीये' म्हणजे नक्की काय चालत नाहीये?

बरीच वर्षं झाली, मी ऑनलाइन मीटिंगच्या एका सर्व्हिसच्या सपोर्टला काम करतेय. फोन उचलला की पलीकडून सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे "अहो तुमचं ते प्लगिन चालत नाहीये", आणि लगेच पाठोपाठ "पाच मिनिटांत मीटिंग आहे हो माझी". यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं असतं. पहिल्याचा अर्थ मात्र शोधावा लागतो, कारण प्लगिन हा एकच शब्द लोक चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात: खरंखुरं जुनं प्लगिन (ब्राउझरमध्ये बसवायचा बाहेरचा प्रोग्रॅम), ब्राउझरचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जास्तीची सोय देणारी छोटी जोड), कॉम्प्युटरवर डाउनलोड केलेलं ॲप आणि कॅमेरा-माइकची परवानगी. यात लोकांची चूक नाहीये, आमच्याच स्क्रीनवर कितीतरी वर्षं "पुढे जाण्यासाठी प्लगिन इन्स्टॉल करा" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, मग तोच शब्द डोक्यात बसणार ना.

म्हणून मी पहिला प्रश्न एकच विचारते. "स्क्रीनवर आत्ता जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवता का?" व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टीम हे सगळं नंतर. मेसेज शब्दशः ऐकला की निम्मं काम तिथेच होतं, आणि "काहीतरी एरर येतोय" यावर अंदाज बांधत बसलं की अर्धा तास जातो आणि शेवटी कळतं की आपण भलत्याच गोष्टीच्या मागे होतो.

आणि दुसरं, ग्राहक "मी काहीच बदललं नाही" म्हणाला तर मी ते खरं धरते. नवीन लोकांना मी हे परत परत सांगते कारण सपोर्टमध्ये असं मानायची सवय पटकन लागते की समोरच्याने काहीतरी केलंय आणि सांगत नाहीये. त्याने खरंच काही केलेलं नसतं हो, ब्राउझर रात्रीत स्वतःहून अपडेट झालेला असतो!

हे मी शिकले ते २०१४ च्या शेवटी. मॅकवर क्रोम ३९ आलं आणि ते ३२ बिटऐवजी ६४ बिटचं झालं, म्हणजे आतली बांधणीच बदलली, आणि ज्यांचं प्लगिन ३२ बिटचं होतं त्यांचं काल संध्याकाळपर्यंत चालणारं सगळं सकाळी बंद. ६४ बिटच्या ब्राउझरला ३२ बिटचं प्लगिन लोड करताच येत नाही, त्यामुळे माणसाने प्लगिन चार वेळा काढून चार वेळा परत टाकलं तरी काही फरक पडणार नव्हता, आणि आम्ही पहिले दोन दिवस त्यांना नेमकं तेच करायला सांगत होतो. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

त्यानंतर मोठा धक्का होता एनपीएपीआयचा. ब्राउझरमध्ये बाहेरचा प्रोग्रॅम बसवायची ही नेटस्केपच्या काळातली, नव्वदच्या दशकातली पद्धत. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट आणि मीटिंगवाल्यांची बहुतेक सगळी प्लगिनं क्रोम, फायरफॉक्स, सफारीत याच दारातून आत यायची. दार धोक्याचं होतं, प्लगिन एकदा आत आलं की कॉम्प्युटरवर जवळजवळ काहीही करू शकायचं आणि क्रॅश झालं की बरोबर ब्राउझरलाही ओढायचं, त्यामुळे ते बंद झालं हे चांगलंच झालं असं मला मनापासून वाटतं. क्रोमने २०१३ मध्येच जाहीर केलं होतं, एप्रिल २०१५ मध्ये ४२ व्या व्हर्जनला ते बाय डिफॉल्ट बंद केलं पण फ्लॅग्जमध्ये, म्हणजे क्रोमच्या आत लपलेल्या सेटिंगमध्ये, जाऊन परत चालू करायची सोय ठेवली, आणि सप्टेंबरमध्ये ४५ व्या व्हर्जनला ती सोयही काढली. त्या एप्रिलमध्ये मी कितीतरी लोकांना फोनवरून ती फ्लॅग चालू करून दिली. लोक खूश झाले, फोन ठेवला, आणि सप्टेंबरमध्ये तीच माणसं परत आली, आता कुठलीही फ्लॅग नाही. "तेव्हाच का नाही सांगितलंत की हे पाच महिन्यांपुरतंच आहे?" असं एका बाईंनी शांतपणे विचारलं आणि त्या अगदी बरोबर होत्या. तेव्हापासून तात्पुरता उपाय दिला की तो कधीपर्यंतचा आहे हे त्याच फोनवर सांगते, मेलमध्येही लिहिते.

फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या व्हर्जनला फ्लॅश सोडून बाकी प्लगिनं बंद केली, फ्लॅश स्वतः २०२० च्या ३१ डिसेंबरला संपलं. इंटरनेट एक्स्प्लोररची प्लगिनं बसवायची स्वतःची पद्धत होती, ॲक्टिव्हएक्स, ती वेगळीच दुनिया, तिथे इन्स्टॉल करायलाच ॲडमिनचा पासवर्ड लागायचा आणि ॲडमिन नेमका सुट्टीवर.

मग वेबआरटीसीने आमचं काम खूप सोपं केलं. आवाज आणि व्हिडिओ थेट ब्राउझरमधूनच, वेगळं काही टाकायला नको. गुगलने त्याचा कोड २०११ मध्ये खुला केला, २०१३ च्या फेब्रुवारीत क्रोम आणि फायरफॉक्स यांच्यात कॉल लागला, सफारीत ते २०१७ ला ११ व्या व्हर्जनपासून आलं. पण स्क्रीन शेअर मात्र मागे राहिलं होतं, क्रोममध्ये त्यासाठी बराच काळ एक्स्टेन्शन टाकावं लागायचं, २०१९ च्या सुरुवातीला ७२ वं व्हर्जन आलं तेव्हा ते एक्स्टेन्शनशिवाय व्हायला लागलं. मधल्या काळात "प्लगिन टाकलंय तरी मागतंय" अशी तक्रार आली की मी आधी विचारायचे, क्रोममध्ये वरती उजवीकडे कोणाचं नाव किंवा फोटो दिसतोय? कारण एक्स्टेन्शन घरच्या प्रोफाइलमध्ये टाकलेलं असायचं आणि मीटिंगची लिंक ऑफिसच्या प्रोफाइलमध्ये उघडलेली.

आता एक्स्टेन्शनचा त्रास उलटा झालाय, नसल्यामुळे नाही तर असल्यामुळे. मागे एका शिक्षिकेचा फोन आला, वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं, मुलं आत येऊन बसलीयत पण त्यांना हिचा आवाज नाही आणि हिला मुलांचा नाही. परवानगी दिलेली, माइक दुसरीकडे चालतोय. मी म्हटलं, "मॅडम, इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि हीच लिंक तिथे टाका." लगेच चालू! इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शनं आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे तिथे चाललं आणि इकडे नाही म्हणजे संशय बहुतेक एक्स्टेन्शनवरच. तिने वर्ग तिथूनच घेतला, आणि नंतर आम्ही सावकाश बसलो. तिच्याकडे एकवीस एक्स्टेन्शनं होती. एकेक बंद करत बसायचं नाही, आधी निम्मी बंद करायची, चाललं तर दोषी त्या निम्म्यात, मग त्यातली निम्मी, असं पाच वेळांत सापडतं. निघालं एक प्रायव्हसीचं एक्स्टेन्शन, जे वेबआरटीसीच बंद करून टाकत होतं. ते काढून टाका असं मी सांगितलं नाही, कारण वेबआरटीसीमधून आपला आयपी पत्ता समोरच्या साइटला कळू शकतो आणि तिने ते विचार करूनच टाकलं होतं. फक्त आमच्या साइटला त्यात अपवाद करून दिला.

परवानगीचा घोळ सगळ्यात जास्त असतो कारण परवानगी एका जागी नसते, साइटची वेगळी, ब्राउझरची वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. ब्राउझरमध्ये हिरवं दिसतंय म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि खाली विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेरा बंद असतो. मॅकवर सिस्टीमच्या मोहावे व्हर्जनपासून कॅमेरा-माइकला आणि त्यापुढच्या कॅटालिनापासून स्क्रीन रेकॉर्डिंगला वेगळी परवानगी लागते, आणि ती नसेल तर फार फसवं चित्र दिसतं: शेअर सुरू होतं, पण समोरच्यांना नुसता वॉलपेपर दिसतो, बाकी विंडो गायब. इथे "प्लगिन बिघडलं" असं वाटणं अगदी साहजिक आहे. परवानगी दिल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडावा लागतो म्हणजे मीटिंगमधून बाहेर पडावं लागतं, म्हणून हे आदल्या दिवशी तपासा असं मी हात जोडून सांगते.

काही ग्राहक आमची मीटिंगची रूम त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटमध्ये आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातच दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीत, बसवतात. तिथे परवानगी विचारणारी चौकटच येत नाही, थेट नकार. त्यांच्या वेब डेव्हलपरला सांगा की आयफ्रेमला ॲलो हा ॲट्रिब्यूट लावून त्यात कॅमेरा आणि मायक्रोफोन लिही, आणि साइट एचटीटीपीएसवर आहे ना ते बघ. दोन मिनिटांचं काम आहे पण माहीत नसेल तर दोन दिवस जातात, तेही बघितलंय.

आयफोनवाल्यांसाठी एक. तिथलं क्रोम आतून सफारीच्याच इंजिनवर चालतं आणि आयओएस (आयफोनची सिस्टीम) १४.३ च्या आधी त्यात कॅमेरा-माइक मिळायचाच नाही, त्यामुळे फोन जुना असेल तर वेळ न घालवता लिंक सफारीत उघडा.

आणि सगळं नीट आहे, नावं दिसतायत, पण आवाज-चित्र काहीच नाही, असं झालं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर चाललं तर बहुतेक ऑफिसचं फायरवॉल यूडीपी, म्हणजे आवाज-चित्र ज्या मार्गाने जातं तोच मार्ग, अडवतंय, ते त्यांच्या नेटवर्कवाल्याशी बोलून सुटतं, ब्राउझरमध्ये कितीही शोधलं तरी सापडणार नाही.

गेल्या महिन्यात आमचं जुनं मदतीचं पान मी पूर्ण नव्याने लिहिलं. प्लगिनचे सगळे उल्लेख काढले आणि सुरुवातच "स्क्रीनवर तुम्हाला काय दिसतंय?" इथून केली, खाली प्रत्येक मेसेज जसाच्या तसा आणि त्याच्यासमोर त्याचा उपाय. फक्त शोधायच्या चौकटीत कोणी 'प्लगिन' टाइप केलं तर हेच पान आलं पाहिजे असं आमच्या डेव्हलपरकडून मुद्दाम करून घेतलं, कारण मीटिंगला पाच मिनिटं उरलेला माणूस तोच शब्द टाइप करणार.