मार्तूल, आरमार आणि पाकटाची शेपटी

"मार्तेलु!" ब्राझीलमधल्या कापोएरा या लाथांच्या खेळाच्या वर्गात गुरुजी ओरडले आणि समोरच्या पोराची लाथ माझ्या कानापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. पण लाथेपेक्षा मी त्या शब्दानेच जास्त दचकलो. आमचे आजोबा सावंतवाडीला सुतारकाम करायचे. त्यांच्या पेटीतल्या हातोडीला घरात कुणी हातोडी म्हणत नसे. तो मार्तूल, पोर्तुगीज मार्तेलुवरून आलेला. आणि आजोबांना सगळा गाव मेस्त्री म्हणायचा. इथे गुरुजींनाही पोरं 'मेस्त्री'च म्हणत होती! लिहितात मेस्त्रे, पण ब्राझीलमध्ये शेवटच्या 'ए'चा 'ई' होतो.

साओ पाउलोतलं काम शुक्रवारी संपलं होतं आणि परतीचं विमान मंगळवारी होतं. मधले दिवस मी साल्वादोरला दिले. बाहिया प्रांताचं हे बंदर 1763 पर्यंत ब्राझीलची राजधानी होतं. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजं वाटेत इथे थांबायची. काजू त्यांनी इकडून आपल्याकडे आणला, फणस आपल्याकडून इकडे आला. रस्त्याच्या कडेला फणसाचे गरे विकायला ठेवलेले दिसले, तेव्हाच आपण फार लांब आलेलो नाही असं वाटायला लागलं. आकाराजे नावाचा पदार्थ खाल्ला. तो म्हणजे चवळीचा वडाच, फक्त पामतेलात लालभडक तळलेला आणि पोट फाडून आत कोळंबी भरलेला.

जुन्या शहराचा चढाचा भाग म्हणजे पेलोरिन्यो. रंगीत घरं, घडीव दगडांच्या गल्ल्या, फोटो काढणारे पर्यटक. नावाचा अर्थ मात्र फटके मारण्याचा खांब. गुलामांना इथे बांधून मारत. त्याच भागातल्या एका माडीवर कापोएरा शिकवतात, तिथे मी एका दिवसाचा विद्यार्थी होतो.

कापोएरा हे भांडण, नाच आणि गाणं यांचं मिश्रण. त्यात हातांपेक्षा पायांना काम जास्त. जिंगा नावाच्या झुलत्या पावलांनी सतत हलत राहायचं आणि त्या झुल्यातूनच लाथ काढायची. मार्तेलुमध्ये गुडघा वर येतो, कंबर वळते आणि पाऊल आडवं डोक्याकडे जातं. मग आली 'आर्मादा'. आधी प्रतिस्पर्ध्याकडे चक्क पाठ करायची, मान वळवून त्याच्यावर नजर ठेवायची आणि गिरकी पूर्ण होताना सरळ पाय भिंगरीसारखा फिरवायचा. आर्मादा म्हणजे आपलं आरमार! शब्द तोच. मला सिंधुदुर्ग किल्ला आठवला आणि तेवढ्यात तोल जाऊन मी चटईवर आडवा झालो. छातीवर सरळ ढकलणाऱ्या लाथेला ते 'बेन्सां' म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. हा विनोद कुणाला सुचला असेल, त्याच्या पाया पडावंसं वाटलं. (पडलो असतो तर आशीर्वादही मिळालाच असता.)

गुलामगिरी 1888 मध्ये संपली आणि 1890 च्या दंडसंहितेत रस्त्यावर कापोएरा खेळणं गुन्हा ठरलं. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. पुढे मेस्त्री बिंबा यांनी त्याला शाळेची शिस्त लावली आणि 1937 मध्ये त्यांच्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली. मी शिकत होतो ती वेगवान धाटणी त्यांचीच, तिला रेजिओनाल म्हणतात.

गुलामांचे हात साखळीने बांधलेले असत म्हणून ते पायांनी लढायला शिकले, असं इथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. मला हे पटलं नाही. अर्ध्या लाथा हात जमिनीला टेकवून मारायच्या आहेत, बांधलेल्या हातांनी त्या कशा जमणार? काही अभ्यासक अंगोलाच्या दक्षिणेतल्या एंगोलो या खेळाकडे बोट दाखवतात. तिथेही हातांवर उलटं होऊन लाथा मारतात.

रविवारी संध्याकाळी सांतो आंतोनियोच्या किल्ल्यात गेलो. इथे पूर्वी तुरुंग होता, आता कापोएराच्या शाळा आहेत. ज्या खेळासाठी माणसं आत जायची तो खेळ आता आतच शिकवतात, याचं तिथे कुणाला काही वाटत नाही. ही धाटणी अंगोला, मेस्त्री पास्तिन्या यांची. त्यांची शाळा 1941 ची, आणि पिवळा सदरा, काळी विजार हा त्यांनी ठरवलेला गणवेश त्यांच्या आवडत्या फुटबॉल संघाच्या रंगांचा. कडं करून बसलेल्या माणसांपुढे बेरिंबाव नावाची तीन वाद्यं: धनुष्याला भोपळा बांधलेला, तारेवर काडी, त्याच हातात खुळखुळा, दुसऱ्या हातात दगड किंवा नाणं. सर्वांत खालच्या सुराचा तो गुंगा. त्याच्या खुणेशिवाय कुणी उठत नाही, बसतही नाही.

इथे सगळं जमिनीलगत आणि संथ. दोघं एकमेकांच्या अंगाखालून पाण्यासारखे वाहत होते. एकाने हात खाली टेकवले, डोकं दोन हातांमधून घालून मागे पाहिलं आणि टाच अर्धवर्तुळात फिरवली. शेजारी बसलेल्या मुलीला नाव विचारलं. "राबु जि आराया," ती म्हणाली आणि इंग्रजीत समजावलं: पाकटाची शेपटी. कोकणातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. पाकट म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा. ते जाळ्यात आलं की रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे लोक आधी शेपटी कुठे आहे ते बघतात. इथेही तसंच. टाच डोक्याजवळ येईपर्यंत समोरचा हसत होता, मग एकदम खाली बसला आणि लाथ वरून गेली. लागली कुणालाच नाही. मारता आली असती हे दाखवायचं आणि सोडून द्यायचं, इथे मान त्यालाच.

शेवटी मलाही आत ओढलं. मला एकच गोष्ट येत होती, कोकोरिन्या. म्हणजे लाथ आली की उकिडवं बसून एका हाताने चेहरा झाकायचा. जन्मभर चुलीपुढे आणि मासळीबाजारात उकिडवा बसलेला मी, टाचा न उचलता बसलो. कड्यातून टाळ्या आल्या.

नंतर तिथल्या वृद्ध मेस्त्रींना मी त्या मुलीकरवी सांगितलं, माझे आजोबाही मेस्त्री होते.

"कशाचे?"

"दारं आणि जनेलांचे." जनेल म्हणजे आमच्याकडे खिडकी; हा मूळचा पोर्तुगीज शब्द त्यांना कळायला दुभाषा लागला नाही.

ते हसले, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटले. मुलीने भाषांतर केलं, "म्हणतात, बिजागरीला तेल घाला."

सोमवारी लासेर्दा लिफ्टने खालच्या शहरात उतरलो. लिफ्टपर्यंतच्या पायऱ्या मात्र कठड्याला धरून, आडव्या पावलाने.