‘पास्ड आऊट’ खोडलं, तरी अडलं तारखेवर

इंग्लंडला एम.एस्सी.साठी येऊन वर्ष होत आलं, तरी प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जातला ‘डेट ऑफ अवॉर्ड’, म्हणजे पदवी मिळाल्याच्या तारखेचा, रकाना आठवला की माझी अजून चिडचिड होते. व्हिसा, फी, तिकीट सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते इथेच, आणि तेही तब्बल पाच आठवडे.

मी त्या रकान्यात जून २०१७ भरलं, कारण गुणपत्रिकेवर तेच होतं. पदवी प्रमाणपत्रावर मात्र पदवीदान समारंभाची तारीख, जानेवारी २०१८. प्रवेश विभागाची मेल आली: पदवी नक्की कधी मिळाली? मी लिहिलं, ‘आय पास्ड आऊट इन जून’. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. मग ‘आय कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन जून’ असं लिहून पाहिलं. परत तेच! आपल्याला नेमकी कुठली तारीख हवी आहे, हे त्यांनी एका ओळीत सांगितलं असतं तर माझे कितीतरी दिवस वाचले असते. रोज रात्री मेल उघडायची आणि तशीच झोपायची.

शेवटी कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अगं, मराठीत आपण बी.एस्सी. होतो. निकाल लागला की झालो. इंग्रजीत तसं नाही. पदवी विद्यापीठ देतं, तेव्हा ती तुला मिळते. अभ्यासक्रम कधी संपला आणि पदवी कधी दिली, हे वेगवेगळं लिही.’

मी लिहिलं, ‘आय कम्प्लीटेड द कोर्स इन जून २०१७. द डिग्री वॉज अवॉर्डेड इन जॅन्युअरी २०१८.’ दोन दिवसांत अर्ज पुढे सरकला. आधी आईला फोन केला, मग मॅडमना.

तेव्हा ‘पास्ड आऊट’ लिहूच नका. इथे त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणं. एनडीएची ‘पासिंग आऊट परेड’ बरोबर आहे, कारण लष्करी प्रशिक्षणाला तो शब्द चालतो. आपण ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ म्हणायचं, ‘फ्रॉम’ न गाळता. ‘डिड माय ग्रॅज्युएशन’ही नको, अमेरिकेत तर शाळा संपली तरी ग्रॅज्युएशनच म्हणतात. ‘पोस्ट ग्रॅज्युएशन’ऐवजी सरळ ‘मास्टर्स डिग्री’ लिहा. ‘बॅचलर्स डिग्री’मध्ये एसच्या आधी वरचा स्वल्पविराम हवा, पण ‘बॅचलर ऑफ सायन्स’मध्ये एसच नाही. अमेरिकेच्या अर्जात ‘अवॉर्डेड’च्या जागी बहुधा ‘कन्फर्ड’ दिसेल, अर्थ तोच.

हो, शिफारसपत्रही पाठवण्याआधी वाचायला मागा. माझ्या सरांच्या पत्रातही ‘पास्ड आऊट’ होतं. सांगायला संकोच वाटला, पण त्यांनी लगेच बदलून दिलं.

आणि पदवीदान अजून व्हायचं असेल, तर तात्पुरतं प्रमाणपत्र जोडून ‘द डिग्री इज येट टु बी अवॉर्डेड’ असं स्वतःहून लिहा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका.