नारिंगी भोपळा, निळ्या तारा

विमानतळावरच्या तपासणी यंत्राच्या पडद्यावर तानपुरा फार देखणा दिसतो. जवानाच्या खांद्यावरून डोकावायची संधी क्वचित मिळते, पण मिळाली तर सोडू नये. त्या पडद्यावर लाकूड, कापड, खाणंपिणं असं सगळं सेंद्रिय नारिंगी रंगात उमटतं, धातू निळे दिसतात आणि मधलंअधलं काही असेल तर हिरवं. त्यामुळे भोपळा फिका नारिंगी, दांडी जरा गडद आणि वरून खाली उतरलेल्या चार बारीक निळ्या रेघा. खर्जाची पितळी तारही तिथे इतरांसारखी निळीच. शेजारच्या पिशवीतला चिवडाही नारिंगी आणि पंढरपूरकडच्या शेतात वाढून मिरजेत तानपुरा झालेला भोपळाही नारिंगी. यंत्र भेदभाव करत नाही.

मी तबला वाजवते आणि आमच्या ताई गातात. नाशिकमधल्या हौशी मंडळींना कुठे ना कुठे बोलावणं येतंच, आणि हल्ली ते विमानाचं तिकीट धरूनच येतं. पूर्वी असं नव्हतं. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरायची, तानपुरा खिडकीशी उभा करायचा आणि कसारा घाट उतरेपर्यंत एकाने त्याला धरून बसायचं. शेजारचा प्रवासी फार तर विचारायचा, "गाणं का?" आपण "हो" म्हणायचं. झाली तपासणी.

विमानाला वाद्याची अशी थेट ओळख लागत नाही. त्याला लांबी, रुंदी आणि वजन लागतं.

तबल्याचं म्हणाल तर तबला आणि डग्गा या जोडीपैकी तबला साधा. लाकडाचं पोकळ खोड, वर चामड्याची पुडी, पुडीवर शाईचा काळा गोल. ही शाई लोखंडाचा कीस आणि खळ यांची असते, थरावर थर घोटून बसवलेली. म्हणून यंत्रात नारिंगी लाकडावर एक गडद गोल उठून दिसतो. वाद्यं पाहिलेल्या जवानाला त्यात काही वाटत नाही, नव्याला वाटतं. खरा घोळ डग्ग्याचा. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी पाहत वाढलेल्या मला डग्ग्याचं भांडं घरचंच वाटतं. यंत्राला मात्र ते गडद निळं, जवळजवळ काळं दिसतं. जाड धातूतून क्ष-किरण नीट पार होत नाहीत. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणजे पाहावं लागणार. पण पाहणार कसं? वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, सोडून पुडी उतरवली तर आत फक्त हवा निघेल, आणि माझ्या कार्यक्रमाचीही हवा निघेल.

अशा वेळी जवान एक पांढरी पट्टी घेतो, पुडीच्या कडेने, वादीवरून, तिच्याखालच्या लाकडी गट्ट्यांवरून फिरवतो आणि पट्टी एका दुसऱ्या यंत्रात घालतो. स्फोटकांचा अंश असेल तर ते यंत्र ओरडतं. माझ्या पुडीवर टाल्कम पावडरीचे अंश भरपूर असतात. त्याबद्दल त्याची आजवर तक्रार नाही. मी फक्त एवढंच म्हणते, "भैया, बीच में मत लगाना, काला वाला." शाईला ओलसर बोट लागलं तर मला चालत नाही. जवान मान डोलावतो. एकाने तर पट्टी बाजूला ठेवून आधी वर्दीला हात पुसले होते. इथे सांगून टाकते की, वाद्यांशी सर्वांत सभ्यपणे वागलेली माणसं मला या रांगेतच भेटली आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान पळवलं गेलं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली, सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरहून. तेव्हापासून मोठ्या विमानतळांवर देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं या यंत्रांशी उभी असतात. त्यांतल्या कुणाच्या गावात ढोलक, कुणाच्या गावात नाल. डग्ग्यावर नखाने हळूच टिचकी मारून पाहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि ती टिचकी कुठे मारायची ते त्यांतल्या अनेकांना माहीत असतं.

हातोडी मात्र त्यांच्या हातून सुटत नाही. तबल्याची हातोडी केवढी असते! गट्टे वर-खाली करायला आणि पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर दोन ठोके द्यायला पुरेल एवढी. पण केबिनमध्ये बंदी असलेल्या अवजारांच्या यादीत हातोडी आहे, आणि 'संगीताची असेल तर चालेल' अशी पुस्ती तिथे नाही. म्हणून तबला माझ्यासोबत वर आणि हातोडी खाली सामानात, अशी आमची ताटातूट होते. सामान उशिरा आलं तर सुरात नसलेला तबला घेऊन बसायचं. ओळखीच्या एका तबलजीने अशा वेळी हॉटेलच्या सुताराकडून हातोडी मागवली होती. ती आली तेव्हा तिच्याकडे बघून त्याने तबला पोटाशी धरला म्हणे.

बासरीवाल्यांचं बरं असतं. वेगवेगळ्या पट्ट्यांच्या बासऱ्यांची गुंडाळी पडद्यावर बांबूच्या नळ्यांचीच दिसते, आणि बांबूला काय लपवायचंय? पेटी जड, पण प्रामाणिक. आतले पितळी सूर ओळीने उमटतात, दंतपंक्ती दाखवल्यासारखे. या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून जवळजवळ तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. विमानतळावर ती जास्तीत जास्त दहा मिनिटं अडते. सर्वांत संशयास्पद दिसतो तो इलेक्ट्रॉनिक तानपुरा: चौकोनी डबा, आत तारांचं जंजाळ, बाहेर चार बटणं. १९७९ च्या सुमारास बंगळूरला असा पहिला डबा तयार झाला तेव्हा त्याच्या कर्त्याच्या मनात प्रवासाची सोय असणारच. पुढे पडद्यावर हा डबा कसा दिसेल, हे त्याच्या मनात यायचं कारण नव्हतं. गंमत म्हणजे तोच डबा आता मोबाइलमध्ये शिरलाय आणि मोबाइलकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ताईंना तो मोबाइलमधला तानपुरा चालतो, पण फक्त रियाजाला. "मैफलीत मागे कुणीतरी बसलेलं असावं गं," म्हणतात, "मान डोलवायला तरी."

आमचा ढोल केबिनच्या यंत्राच्या तोंडात मावतच नाही, त्यामुळे त्याचा प्रश्नच मिटला. तो मोठ्या सामानात जातो. नाशिक ढोल कुठेही गेला तरी पोहोचल्याचं सगळ्यांना कळतं.

परदेशी जाणाऱ्यांची डोकेदुखी याहून वेगळी. जुन्या तंतुवाद्यांवर हस्तिदंताचं नक्षीकाम असायचं, तारा ज्यांवर टेकतात त्या घोड्या सांबरशिंगाच्या असायच्या. दोन्हींचा व्यापार आज बंद आहे, आणि आजोबांच्या वेळचं वाद्य आहे हे तोंडी सांगून भागत नाही. २०१७ मध्ये शिसवीच्या जातीच्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्या तबल्याला तर आपल्या चामड्याची माहिती जाहीर करावी लागते. बकरीने कधी विचार केला नसेल.

पण या कशाचीही भीती तानपुऱ्याला नसते. त्याला भीती एकाच ठिकाणाची, जिथे वजनकाटा असतो. चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीचं मी काही म्हणत नाही. तिच्यासमोरच्या तक्त्यात हातातलं सामान सात किलो, आणि लांबी-रुंदी-उंची ठरलेली. पितळी डग्गा आणि तबला सात किलोत बसवणं मुश्कील, आणि तानपुरा कशातच बसत नाही. मग ती गोड आवाजात सांगते की तानपुरा खाली द्या, आम्ही 'नाजूक' असं लेबल लावतो. त्या लेबलावर माझा विश्वास नाही. पोटातल्या सामानखान्यात बॅगा एकीवर एक रचतात, वेळ कमी असतो, आणि लेबल वाचण्याइतकी सवड कुणाला? तानपुरा द्यायचाच झाला तर तारा उतरवून, खुंट्या सैल करून, घोडी काढून, भोपळ्याभोवती जुनी नऊवारी गुंडाळून, वर फायबरची पेटी. एवढं करूनही पोहोचल्यावर पेटी उघडताना ताई आधी डोळे मिटतात, हात आत घालतात आणि भोपळ्यावरून फिरवतात. तडा डोळ्यांआधी बोटांना कळतो.

त्यातल्या त्यात ओझर बरं. आमचा विमानतळ खरा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा. १९६४ मध्ये तिथे मिग बनवायला कारखाना निघाला, पुढे सुखोई आले; प्रवाशांसाठीची इमारत २०१४ ची. रांगेत पुढे द्राक्षाचा निर्यातदार, मागे कांद्याचा व्यापारी, आणि कारखान्यात आलेला एखादा अभियंता. मोजकी विमानं, मोजकी माणसं. तानपुरा आला की सगळे बाजूला सरून वाट देतात आणि कुणीतरी हमखास "आज कुठे कार्यक्रम?" असं विचारतं. सुखोई डोक्यावरून गेलं की बोलणं थांबतं, ते गेलं की पुन्हा सुरू होतं.

पंचवटीत विष्णू दिगंबर पलुसकरांचा रामनाम आधाराश्रम होता. ते शिकले मिरजेत, विद्यालय काढलं १९०१ मध्ये लाहोरला, आणि अखेरची वर्षं राहिले नाशकात. शिष्यांसह त्यांनी केवढा देश पालथा घातला, तोही आगगाडीने. त्या काळी त्यांच्या तानपुऱ्यांना कुणी वजनाला लावलं असेल का, असं मी ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, "बुवांच्या तानपुऱ्याला हात लावायची हिंमत कोणाची होती?"

शेवटी यावर्षी ताईंनी हट्टाने जास्तीची सीट घेतली. वाद्यासाठी तिकीट काढता येतं, फक्त विमान कंपनीला आधी कळवावं लागतं. तानपुऱ्याला आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत बसवत नाहीत, आणि बसवायचं ते खिडकीशीच, म्हणजे गडबड झाली तर कुणाची वाट अडत नाही. पट्टा बांधायला जादा पट्टा लागतो, तो हवाई सुंदरी आणून देते. आमच्या तानपुऱ्याला ती "कम्फर्टेबल?" असं विचारून गेली, थट्टाच होती, पण ताईंनी त्याच्या वतीने गंभीरपणे हो म्हटलं. मग मधल्या सीटवर अंग चोरून बसत मला म्हणाल्या, "आयुष्यभर मला खिडकी आवडते हे याला माहीत आहे. तरी बघ, खिडकी यालाच. भाडं माझं. आता चहा विचारायला आली तर दोन कप सांग, त्याचाही मीच पिणार."