तुम्ही विचारलंत म्हणून: "विकायची होती की, मालक!"

पार्क चौकात, लग्नाच्या पंगतीत, गड्ड्याच्या यात्रेत आणि एकदा तर मयतीला गेलो होतो तिथंसुद्धा हेच ऐकलं. "फोडण्यापेक्षा विकायची होती की!" डिसेंबर २०२३ मध्ये सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, माझ्या टॉवेलच्या कारखान्यासमोर मी माझीच गाडी घणानं फोडली, हे काही लपलेलं नाही. व्हिडिओ तुमच्याच फोनमध्ये आहे.

विकली का नाही? आजवर मी सांगत आलो, "बिघडलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारू?" उत्तर झकास आहे, माणसं मान डोलावतात. पण ते खोटं आहे. सेहेचाळीस लाखांच्या गाडीला दलाल एकोणीस म्हणाला. अठ्ठावीस म्हणाला असता तर त्याच संध्याकाळी किल्ली दिली असती आणि गळ्याबिळ्याचा विचार केला नसता.

गाडी पाडव्याला घेतली, २०२२ च्या. पाचव्या महिन्यात गिअरबॉक्सनं पहिला झटका दिला. हायवेवर चालता चालता पडद्यावर लाल अक्षरं यायची, गाडी एका गिअरमध्ये अडकायची, चाळीसच्या वर जायची नाही. बाजूला घ्या, बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा, की पुन्हा साध्वी! सोलापुरात ह्या कंपनीचं वर्कशॉप नाही, म्हणजे पुणं. अडीचशे किलोमीटर जायचं, अडीचशे यायचं. सात वेळा गेली, त्यातल्या तीन वेळा ट्रकच्या पाठीवर. सातही जॉब कार्डं पिशवीत ठेवलीत. दोनांवर सॉफ्टवेअर अपडेट केल्याचं लिहिलंय, पाचांवर 'नो फॉल्ट फाउंड'.

खर्चाचं मला एवढं नव्हतं. (होतं. हप्ता बहात्तर हजारांचा होता.) पण मी धंद्यातला माणूस आहे. माझ्या टॉवेलला गाठ आली, कडा सुटली, तर व्यापारी गठ्ठा तोंडावर फेकतो आणि मी तो घेतो. घेतलाच पाहिजे. इथं बिघाड आहे एवढंच कबूल करायला कुणी तयार नव्हतं. कॉफी मात्र दर वेळी चांगली असायची.

सातव्यांदा गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. एक पोरगी, आवाजावरून विशीतली. "सर, सर्व्हिसबद्दल दहापैकी किती मार्क द्याल?" मी म्हटलं, शून्य. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "सर, प्लीज दहा द्या ना. नऊ दिले तरी आमचे कटतात." मी दहा दिले. तिचं काय चुकलं होतं? फोन ठेवला आणि मला स्वतःचीच इतकी चीड आली, की उठून थेट हत्यारांच्या खोलीत गेलो.

तिथं आमचे अण्णा होते. जॉबर, म्हणजे लूम, यंत्रमाग दुरुस्त ठेवणारे. माझ्या वडिलांनी पहिले दोन लूम घेतले तेव्हापासून आमच्याकडे. मी धोटा उलटा धरायचो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातलेला आहे. घण त्यांच्या ताब्यात असतो. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या गाडीकडे. "वद्दु," म्हणाले. तेलुगूत 'नको'. एवढंच. मी घण ओढून घेतला. सत्तरीच्या माणसाच्या हातातून. त्या व्हिडिओत हे नाही. चहावाल्याच्या पोरानं शूटिंग सुरू केलं ते नंतर.

पहिला घाव समोरच्या काचेवर घातला. ती काच फुटून पडत नाही हो, आत पापुद्रा असतो; जाळं होतं आणि तशीच उभी राहते. मला वाटलं होतं खळ्ळकन आवाज येईल. बाजूची काच मात्र खडीसाखरेसारखी सांडली. आणि अलार्म सुरू झाला. सवयीनं मी गाडी लॉक केलेली होती! किल्ली खिशातच. मी घण खाली ठेवला, किल्ली काढली, बटण दाबलं, आवाज बंद केला, किल्ली नीट खिशात टाकली आणि पुन्हा घण उचलला. लोक हसतात ते इथंच. बॉनेटवर आईनं दसऱ्याला काढलेल्या स्वस्तिकाचं कुंकू फटीत अडकून राहिलं होतं. मी त्याच्या शेजारी मारत होतो, त्याच्यावर नाही. हेही व्हिडिओत दिसतं, नीट बघितलंत तर. अकरा घाव. दम लागला म्हणून थांबलो, शांत झालो म्हणून नव्हे. मागं वळून बघतो तर अण्णांनी शेडमधले सगळे लूम बंद केले होते. दिवसपाळीत लूम बंद म्हणजे कारखान्यात कुणीतरी गेलं.

तुम्ही मला व्हिडिओ पाठवता. चीनमध्ये छिंगदाओला १५ मार्च २०११ ला, म्हणजे जागतिक ग्राहक दिनी, एकानं माणसं लावून लॅम्बोर्गिनी फोडली. २०१३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनाबाहेर एकानं आपली बीएमडब्ल्यू फोडली. फिनलंडमध्ये तर २०२१ मध्ये टेस्लाला तीस किलो डायनामाइट लावला. "तुमचे भाऊबंद," असं खाली लिहिता. असतील. पण ते तारीख बघून, जागा निवडून, कॅमेरे लावून गेले होते. माझ्याकडे पाळी सुटायची वेळ होती आणि चहावाल्याचं पोरगं. मला विचाराल तर शहाणा परळीचा तो माणूस. त्यानं २०२२ मध्ये बिघडलेली इलेक्ट्रिक स्कूटर गाढवाला बांधून गावभर मिरवली. अब्रू कंपनीची गेली, स्कूटर शाबूत राहिली.

शाबूत राहणं किती महत्त्वाचं, ते मला वकिलानं नंतर सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा ग्राहक आयोगाकडेच, म्हणजे राज्य आयोगाकडे मुंबईला जायचीही गरज नाही. दोष वरवर दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. वकील पिशवीतली कार्डं बघून खूश झाला. "गाडी कुठाय?" मी फोटो दाखवला. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मालक, तुम्ही पुरावा फोडलात."

मुद्दाम केलेल्या नुकसानीला विमा नाही. बँकेचा बोजा आहे म्हणून बँकेची नोटीस वेगळी. हप्ता चालूच. तक्रार केली आहे, तारखा पडतात. गिअरबॉक्सवर एकही घाव बसलेला नाही असं आमचं म्हणणं, बेदरकार वापर असं त्यांचं.

मग चूक झाली का? झाली. पण सात कार्डं घेऊन मी आधीच आयोगात का गेलो नाही, असं मी तेव्हाच्या मला विचारतो, तेव्हा तो म्हणतो, "दहा मार्क कुणी दिले?" आणि मी गप्प बसतो. परत तसा फोन आला तर काय करीन, सांगता येत नाही. गाडीवर हात उचलायची हिंमत होणार नाही, एवढं वाटतं. वाटतं, म्हणालो.

अण्णा कामावर येतात, बोलतात, चहा घेतात. पण घण खोलीत नाही. विचारलं तर म्हणाले, "असंल की कुठंतरी." त्यांच्या घरी आहे हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे. मागच्या महिन्यात एका लूमचा शाफ्ट अडकला, तर अण्णांनी शेजारच्या कारखान्यातून घण मागून आणला, काम झाल्यावर स्वतः नेऊन दिला. मी परत विचारलेलं नाही.